निळ्या चकतीची फाईल : आमच्या अ‍ॅडॉप्टरची बीआयएस नोंदणी

आमचं वाळूज एमआयडीसीत छोटं युनिट आहे. दादा, मी आणि दहा-बारा माणसं. कंट्रोल पॅनलचे पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) भरून देण्याचं जॉबवर्क वडिलांच्या काळापासून चालत आलंय. सीसीटीव्हीला लागणारा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर स्वतःच्या नावानं काढायचं आम्ही ठरवलं, तेव्हा पहिली पायरी होती बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, सक्तीची नोंदणी. २०१२ च्या आदेशापासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंना ती लागू झाली. अ‍ॅडॉप्टर त्या यादीत आहे, त्यामुळे नोंदणीशिवाय तो विकता येत नाही.

नोव्हेंबरात हात घातलेलं हे काम ऑगस्टात पार पडलं. ट्रान्सफॉर्मर, इन्सुलेशन, तापमान या चाचण्या फारसा त्रास न देता निघाल्या. वेळ खाल्ला तो एका भागानं. सर्ज, म्हणजे व्होल्टेजची अचानक येणारी उसळी, अडवणारा व्हॅरिस्टर, बाजारात ज्याला एमओव्ही म्हणतात ती नखाएवढी निळी चकती. तिच्यासाठी कोणतं मानक लागतं, कोणता कागद मागतात, का मागतात, हे मराठीत कुठंच नीट सापडलं नाही. आपल्या भागात अ‍ॅडॉप्टर, एलईडी ड्रायव्हर, चार्जर बनवू पाहणारी बरीच मुलं-मुली आहेत. त्यांच्यासाठी हे जसं घडलं तसं लिहिते.

सुरुवात गेवराईकडच्या एका कॅमेरे बसवणाऱ्या भावापासून झाली. आमचं ऐकून तो म्हणाला, "ताई, वळीव झाला की माझे दोन दिवस नुसते अ‍ॅडॉप्टर बदलण्यात जातात. तुम्ही बनवणार असाल तर आधी हे बघा." आणि दिवाळीनंतर त्यानं जळालेल्या अ‍ॅडॉप्टरचं एक पोतंच आणून दिलं. वेगवेगळ्या बनावटीचे, काही नाव नसलेलेसुद्धा. आम्ही एकेक फोडून टेबलावर मांडला.

बऱ्याच पीसीबींवर एमओव्हीची जागा छापलेली होती, दोन भोकंही होती, पण चकती बसवलेलीच नव्हती. काहींत ७ मिमीची बारकी चकती होती. एक अ‍ॅडॉप्टर मी अजून जपून ठेवलाय. त्याचं प्लास्टिक फक्त एका ठिकाणी वितळलंय, बरोबर चकतीच्या वर. चकतीचे दोन तुकडे झालेले, आतली राखाडी माती उघडी पडलेली, आणि झाकणाच्या आतून काजळीचा गोल. फ्यूज मात्र शाबूत. मीटर लावून पाहिला तर कंटिन्युइटी दाखवत होता. ज्या भागानं बाकीच्यांना वाचवायचं, तोच पेटला होता आणि फ्यूजला त्याचा पत्ताही लागला नव्हता. पुढं मानक वाचताना हा अ‍ॅडॉप्टर मला पदोपदी आठवला.

थोडं चकतीबद्दल. ती झिंक ऑक्साइडच्या कणांची असते. नेहमीच्या व्होल्टेजला कणांच्या सीमा करंट जाऊ देत नाहीत. व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर गेलं की त्या एकदम वाहू लागतात. धरणाची पातळी वाढली की जायकवाडीचे दरवाजे उघडून पाणी गोदावरीत सोडतात, तसंच काहीसं. पण दर सर्जला ती थोडी झिजते. झिजली की रोजच्या २३० व्होल्टलाही थोडा करंट गळायला लागतो, गळतीनं चकती तापते, तापली की गळती आणखी वाढते.

आणि आपल्याकडं वीज पडण्यापेक्षाही वाईट प्रसंग म्हणजे डीपीवरचा न्यूट्रल (परतीची तार) सुटणं. मग ज्या घराच्या फेजवर भार कमी, तिथं २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतं, आणि लाईनमन येईपर्यंत ते तसंच राहतं. विजेचा सर्ज मायक्रोसेकंदांचा असतो, हे मिनिटांचं दुखणं. ४०० व्होल्ट एसीचं शिखर ५६६ व्होल्ट. ४७० व्होल्टला वाहू लागणारी चकती अशा वेळी प्रत्येक अर्ध्या सायकलला वाहते. एक अँपिअर जरी गेला तरी नखाएवढ्या चकतीत शेकडो वॉट उष्णता. दोन अँपिअरचा फ्यूज एका अँपिअरला जन्मभर उडणार नाही. पोत्यातल्या त्या अ‍ॅडॉप्टरचं नेमकं हेच झालं असावं.

डिसेंबर-जानेवारी मानक वाचण्यात गेले. आमच्या वस्तूला लागू होतं आयएस १३२५२ (भाग १) : २०१०, म्हणजे आंतरराष्ट्रीय आयईसी ६०९५०-१ चंच भारतीय रूप. बरीचशी भारतीय मानकं बीआयएसच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवता येतात, आधी तिथं शोधा. जाड दस्तऐवज बघून दडपण येतं. व्हॅरिस्टरसाठी मला दोन जागा वारंवार उघडाव्या लागल्या: कलम १.५.९ आणि परिशिष्ट क्यू. दोन्ही सुधारणापत्रासकट वाचा. १.५.९ चा सध्याचा मजकूर सुधारणेतून आलाय, नुसती मूळ प्रत हाताशी असेल तर तो दिसणारच नाही.

परिशिष्ट क्यू चकतीबद्दल बोलतं. ती आयईसी ६१०५१-२ प्रमाणे तपासलेली हवी. तिचं सततचं कमाल व्होल्टेज उपकरणाच्या रेटेड व्होल्टेजच्या किमान १२५ टक्के हवं. ६ किलोव्होल्ट/३ किलोअँपिअरचे पल्स (क्षणिक धक्के) तिनं सोसायला हवेत. वरची तापमान मर्यादा किमान ८५ अंश, आणि दमट हवेची चाचणी किमान २१ दिवसांची. सर्वसाधारण ७ मिमी चकती एका पल्सला १२०० अँपिअरच्या आसपासच झेलते, म्हणजे ती इथंच बाद. आम्ही १४ मिमी धरली.

कलम १.५.९ मला जास्त महत्त्वाचं वाटलं, कारण त्याचा प्रश्न वेगळा आहे. चकती किती सर्ज झेलते यापेक्षा ती मरताना काय करते, हे ते विचारतं. तिच्या मालिकेत पुरेशा ब्रेकिंग कपॅसिटीचं (मोठा करंटही सुरक्षितपणे तोडू शकणारं) करंट तोडणारं साधन हवं, आणि ते तीन गोष्टींपासून वाचवणारं हवं: मर्यादेवरचं तात्पुरतं जादा व्होल्टेज, गळतीमुळं होणारी तापवाढ, आणि शॉर्ट होऊन पेटणं किंवा फुटणं. साधा फ्यूज यातली तिसरी गोष्ट सांभाळतो. पहिल्या दोन सांभाळायला चकतीला चिकटून बसवलेला थर्मल कटऑफ, म्हणजे तापल्यावर वितळून सर्किट तोडणारा भाग, लागतो. असा कटऑफ आतच असलेले तीन पायांचे एमओव्ही मिळतात. साधी १४ मिमी चकती तेव्हा आम्हाला ३-४ रुपयांना पडत होती, कटऑफवाली २० च्या पुढं. एका अ‍ॅडॉप्टरमागं हा फरक छोट्या युनिटला जड जातो. पण पोतं टेबलावरच होतं, आमचा निर्णय लवकर झाला.

फ्यूजही बदलला. काचेचा साधा लो-ब्रेकिंग फ्यूज ३५ अँपिअर किंवा रेटिंगच्या दहापट, यांतलं जे जास्त असेल तेवढाच शॉर्ट सर्किट करंट सुरक्षितपणे तोडू शकतो. वाळू भरलेला सिरॅमिक हाय-ब्रेकिंग फ्यूज १५०० अँपिअर तोडतो. किमतीत फरक थोडा आहे, तो वाचवू नका.

फेब्रुवारीत दादाचं आणि माझं लेबलवरून चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, "अगं, बाजारात सगळ्यांच्या लेबलवर ९०-२७० व्होल्ट असतं. आपण १००-२४० लिहिलं तर दुकानदार हातात घेणार नाही." त्याचं बाजारज्ञान खरं आहे. पण लेबलवरचा वरचा आकडा चकती ठरवतो. २४० चे १२५ टक्के ३००, तिथं १४डी४७१ (१४ मिमीची, ४७० व्होल्टला वाहू लागणारी) चालते, तिचं सततचं कमाल व्होल्टेज बरोबर ३०० एसी आहे. सगळीकडं सहज मिळणारी १४डी४३१ फक्त २७५ ची, ती २४० च्या लेबलला चालत नाही. २७० लिहिलं की गरज ३३७.५ ची होते, म्हणजे ३५० व्होल्टवाली १४डी५६१. आणि चकती जितकी वरची, तितकं जास्त व्होल्टेज ती पुढं सोडते. डेटाशीटमध्ये ४७१ साठी ५० अँपिअरला ७७५ व्होल्ट दिसतात, ५६१ साठी सव्वानऊशेच्या घरात. मग पुढचा मॉसफेट (स्विचिंग करणारा ट्रान्झिस्टर) आणि कपॅसिटर त्या हिशोबानं घ्यावे लागतात.

शेवटी आम्ही लेबलवर १००-२४० ठेवलं आणि आत ३५० व्होल्टच्या वर्गाची कटऑफवाली चकती, ४५० व्होल्टचा कपॅसिटर, ८०० व्होल्टचा मॉसफेट घातला. शेतावर रात्री भार उतरला की व्होल्टेज चढतं, तेव्हा चकती रोज रोज झिजू नये एवढाच हेतू. दादा तयार झाला, पण खर्चाचा कागद दोनदा मांडून घेतल्यावरच.

त्याच महिन्यात दोन-तीन गिऱ्हाइकांनी विचारलं, "अर्थिंगलाही एक एमओव्ही टाका ना, वीज जमिनीत जाईल." आमचा अ‍ॅडॉप्टर दोन पिनांचा, त्याला अर्थच नाही, म्हणून प्रश्न मिटला. पण तीन पिनांचं काही बनवणाऱ्यांनी १.५.९.४ नक्की वाचा. फेज आणि अर्थच्या मध्ये, बेसिक इन्सुलेशनला (धक्क्यापासून वाचवणाऱ्या मूळ आवरणाला) पूल घालणारी चकती घरगुती तीन पिनांच्या प्लगवर चालत नाही. औद्योगिक प्लग, कायमची जोडणी किंवा कायमची अर्थ वायर अशी सोय लागते. भिंतीतल्या साध्या सॉकेटच्या अर्थवर मानक भरवसा ठेवत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला ज्यानं पाहिलाय, त्याला हे लगेच पटेल.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बीआयएसच्या पोर्टलवर टेस्ट रिक्वेस्ट (चाचणीची मागणी) काढली. आधी रिक्वेस्ट, मग लॅब, हा क्रम पाळावा लागतो. लॅब पुण्यातली, बीआयएसची मान्यता असलेली. मान्यता आपल्याच मानकासाठी आणि आजच्या तारखेला चालू आहे का, हे बीआयएसच्या यादीत पाहून मगच पैसे भरा. फी जीएसटीसह पन्नास हजारांच्या घरात गेली. सॅम्पल कुरिअरनं न पाठवता मी स्वतः घेऊन गेले. सिडको स्टँडवरून पहाटेची बस, नगरला चहा, दुपारी लॅब. समोर बसून कागद दिल्याचा फायदा झाला, क्रिटिकल कंपोनंट लिस्टमधल्या त्रुटी तिथंच निघाल्या. या यादीला सीसीएल म्हणतात. सुरक्षेशी संबंधित प्रत्येक भागाचा उत्पादक, मॉडेल, रेटिंग, मानक आणि प्रमाणपत्र त्यात लिहायचं असतं.

मार्च संपता संपता मेल आला. बाकी चाचण्या चालू, व्हॅरिस्टरचं प्रमाणपत्र मान्य नाही. मी फोन केला. लॅबच्या मॅडमनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, तुमच्या प्रमाणपत्रात साध्या चकतीची सिरीज आहे, पीसीबीवर कटऑफवाली आहे. शिवाय चकतीवरचा छाप दुसऱ्याच कंपनीचा आहे." मी डबा काढून भिंगाखाली चकती धरली. खरंच होतं. व्यापाऱ्यानं एका कंपनीचा कागद आणि दुसऱ्या कंपनीचा माल दिला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, माल एकदम ओरिजिनल आहे, लॅबवाले उगाच अडवतात. दुसरं सर्टिफिकेट पाठवू का?" त्या वाक्यानं मी फार अस्वस्थ झाले. ज्याच्या भरवशावर कुणाच्या तरी दुकानात, शाळेत रात्रभर अ‍ॅडॉप्टर चालू राहणार, त्याचा कागद मागणीनुसार बदलता येतो, हे ऐकून रात्री झोप लागली नाही.

दोन वाटा होत्या. हीच चकती परिशिष्ट क्यूप्रमाणे वेगळी तपासून घ्यायची. त्यात नुसती दमट हवेची चाचणीच २१ दिवसांची, बाकीचं वेगळं, खर्चही वेगळा, आणि पुढचा लॉट तसाच येईल याची खात्री नाही. किंवा प्रमाणित भाग अधिकृत वितरकाकडून घ्यायचा. दादा म्हणाला, "दुसरं. तीन आठवडे गेले तरी चालतील, पण त्या माणसाचा माल नको." एप्रिल त्यातच गेला. माल मागवण्याआधी मी तीन गोष्टी जुळवून पाहिल्या: प्रमाणपत्रावरचं सिरीजचं नाव, ज्या मानकांचा उल्लेख आहे ती (आयईसी ६१०५१-२ आणि परिशिष्ट क्यू दोन्ही स्पष्ट लिहिलेली हवीत), आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक चालू आहे का. पीडीएफवर विसंबू नका. नुसतं यूएल १४४९ लिहिलेलं दाखवून कुणी वाट काढत असेल तर लॅबला आधी विचारा. ते अमेरिकेचं मानक आहे, त्याच्या चाचण्या वेगळ्या आहेत.

थांबलोच होतो तर सीसीएलमध्ये चकतीसाठी दोन उत्पादक घातले, एक मुख्य आणि एक पर्यायी. एकदा रिपोर्ट निघाला की यादीबाहेरचा भाग परस्पर बदलता येत नाही, पुन्हा लॅब आणि बीआयएस दोन्हीकडं जावं लागतं. चिप्स आणि चकत्यांचा तुटवडा कधी येईल सांगता येत नाही. सुरुवातीलाच पर्याय घातल्याचा खर्च थोडा वाढतो, पण करून घ्या.

मेमध्ये नवी सॅम्पल्स गेली. फॉल्ट चाचणीच्या दिवशी मी विनंती करून लॅबमध्ये थांबले. अ‍ॅडॉप्टरभोवती पातळ सुती कापड गुंडाळलेलं. चकती मुद्दाम शॉर्ट केली आणि सप्लाय दिला. टक् असा बारीक आवाज, फ्यूज उडाला, कापड पांढरंच. मॅडमनी तिथंच एक जादा प्रयोगही करून दाखवला. तो आमच्या रिपोर्टचा भाग नव्हता. चकतीवर रेझिस्टरमधून जादा व्होल्टेज दिलं आणि करंट टप्प्याटप्प्यानं वाढवत नेला. निळ्या लेपावर आधी एक फुगा आला, जळक्या वार्निशसारखा वास सुटला, आणि त्याच क्षणी आतला कटऑफ वितळून मीटरचा आकडा शून्यावर आला. लेप नुसता तपकिरी पडला होता. मग त्यांनी साधी चकती तशीच लावली. ती लाल झाली, तडकली आणि पेटली. दोन-तीन सेकंदांचाच फरक होता. खर्चाच्या कागदावरचा तो जादा रुपयांचा रकाना मला त्या दिवशी पूर्ण समजला.

असं पायरीपायरीनं तपासणं नव्या आयईसी ६२३६८-१ मानकाच्या परिशिष्ट जीमध्ये आहे. तिथं उपकरणाच्या रेटेड व्होल्टेजच्या दुप्पट व्होल्टेज रेझिस्टरमधून देतात आणि सर्किट तुटेपर्यंत करंट वाढवतात. जुनं माहिती-तंत्रज्ञानाचं मानक (आम्ही वापरलेलं आयएस १३२५२) आणि ऑडिओ-व्हिडिओचं आयएस ६१६ या दोन्हींची जागा हे नवं मानक घेतंय. आज डिझाइन करत असाल तर थेट त्याच्याच हिशोबानं करा.

३००० व्होल्टची इन्सुलेशन चाचणी, तापमान, लेबल पुसलं जातं का ते पाहणं, हे सगळं पार पडून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रिपोर्ट हातात आला. रिपोर्ट ९० दिवसांच्या आतला असतानाच अर्ज करायचा असतो, म्हणून बाकीचे कागद आधीच तयार ठेवा: उद्यम नोंदणी, ट्रेडमार्क, अधिकृत सही करणाऱ्याचं पत्र, हमीपत्र.

आम्हाला पोर्टलवर हरकत आली ती पत्त्यावर. ट्रेडमार्कच्या कागदावर औरंगाबाद, उद्यमवर छत्रपती संभाजीनगर, वीजबिलावर प्लॉट क्रमांकाच्या पुढं सेक्टर वेगळ्या पद्धतीनं लिहिलेलं. दिल्लीत फाईल तपासणाऱ्याला हा एकच पत्ता आहे हे कळावं तरी कसं? नावबदलाच्या राजपत्राची प्रत, एमआयडीसीचं ताबापत्र आणि एक घोषणापत्र जोडलं. त्यानंतर सेक्टरबद्दल पुन्हा एक प्रश्न आला, तोही मिटला. मराठवाड्यातल्या सगळ्यांनाच हे येणार आहे. अर्जाच्या आधीच सगळे कागद एका नावावर आणून घ्या, जे बदलता येत नाहीत त्यांच्यासाठी राजपत्राची प्रत पहिल्याच दिवशी जोडा. हरकतीला उत्तर द्यायची मुदत असते. पोर्टल रोज सकाळी उघडून पाहा, मेलची वाट पाहू नका.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आर अक्षरानं सुरू होणारा क्रमांक मिळाला. लॅब दोनदा, सरकारी फी, भाग, प्रवास असं सगळं मिळून दीड लाखाच्या पुढं गेलं. दादानं क्रमांक मोठ्यानं वाचून दाखवला, आणि असेंब्लीच्या टेबलावरच्या काकूंनी विचारलं, "म्हणजे आता छापायचं का?" आम्ही त्याच दुपारी लेबल प्रेसला पाठवलं. बीआयएसची खूण, मानकाचा क्रमांक आणि नोंदणी क्रमांक ठरलेल्या मांडणीतच छापावे लागतात, प्रूफ लॅबच्या रिपोर्टमधल्या लेबलशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या.

गिऱ्हाइकाला आम्ही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अ‍ॅडॉप्टरमधली चकती ही शेवटची फळी आहे. घराच्या बोर्डात बसवायचं सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस वेगळं असतं, त्याचं मानक आयईसी ६१६४३-११, आणि नीट अर्थिंगशिवाय त्याचाही उपयोग होत नाही. पहिली खेप गेवराईलाच गेली, त्या भावाला हे दोनदा समजावून सांगितलं. आता प्रत्येक नव्या रीलमधून काही चकत्या काढून छाप भिंगाखाली पाहायचं काम काकूंकडं आहे. रीलचा क्रमांक, वितरकाचं बिल आणि प्रमाणपत्राचा क्रमांक एकाच रजिस्टरमध्ये चढतो. बाजारातून कुणी माल उचलून तपासणीला नेला, तर पहिलं हेच रजिस्टर लागेल.